दुसऱ्याचे वाक्य

माझ्या कादंबऱ्यांवर आजवर जे अभिप्राय आले ते एका मध्यम आकाराच्या पाकिटात सहज मावतील. त्यांतला सर्वांत लहान अभिप्राय दोन शब्दांचा आहे, आणि तो मिळण्यासाठी मला दहा मिनिटे एका मुलीसमोर पुठ्ठा धरून बसावे लागले. ‘चिमण्या खोट्या.’ एवढेच ते दोन शब्द. लांबलचक परीक्षणे मी वाचली आहेत, क्वचित त्यांवर रागावलोही आहे. परंतु या दोन शब्दांनी माझी जी झोप उडवली ती अद्याप पुरती परत आलेली नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय थोडा जड वाटेल. वाचकांनी जरा धीर धरावा. धीर धरणे हाच या लेखाचा विषय आहे म्हणा ना!

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या हिशेबाने मॅट्रिक. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि एका तालुक्याच्या गावी नोकरीला लागलो. समीक्षेचा अधिकार मला नाही. इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो, आणि फ्रेंच पुस्तके इंग्रजीतून. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते एका वाचकाचे, आणि थोडेसे एका गुन्हेगाराचेही, लेखन समजावे.

ती मुलगी पाचवीत आमच्या शाळेत आली ती चाकांच्या खुर्चीतून. (लेखात तिचे नाव घालू का, असे मी विचारले होते. ‘नको’ असे उत्तर आले.) जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी; हात, मान, जीभ यांपैकी काहीच तिच्या हुकमात नाही. घशातून आवाज येतो, पण त्याचे शब्द होत नाहीत. बुद्धीला मात्र कोठेही धक्का लागलेला नव्हता, आणि हे आम्हांला कळायला फार उशीर लागला. कारण तिच्या वतीने सारे तिची आई बोले. ‘सर, तिला चित्र आवडलं.’ ‘सर, ती दमली.’ दोन वर्षे ती माझ्या वर्गात बसली, आणि त्या दोन वर्षांत, ज्याचे उत्तर मला आधीच ठाऊक नव्हते असा एकही प्रश्न मी तिला विचारला नाही. पुढे मी कादंबरी लिहिली. तीत एक मुकी मुलगी आहे. ती खिडकीशी बसते, चिमण्यांना तांदूळ टाकते (हात कसे चालतात हे मी सोयीस्करपणे विसरलो), तिचे डोळे बोलतात, आणि एकोणिसाव्या प्रकरणात ती अर्थातच मरते. वाचकांची पत्रे आली. डोळे पाणावले असे त्यांत लिहिले होते. मी खूष झालो.

मूक पात्रांचे आम्हां लेखकांना फार आकर्षण असते, आणि त्याचे कारण आमच्या करुणेत नसून आमच्या सोयीत आहे. जो बोलत नाही त्याच्या तोंडी काहीही घालता येते व तो हरकत घेत नाही. आपल्या कथांत आणि चित्रपटांत अशी माणसे पुष्कळ भेटतात. बहुधा ती क्षमाशील, निष्पाप आणि सोशिक असतात. त्यांपैकी कोणी चहाटळ, हट्टी, कंजूष किंवा विनोदी असल्याचे मला आठवत नाही. एखाद्याची वाचा गेली म्हणजे त्याचे दुर्गुणही जातात अशी आपली समजूत दिसते.

या दृष्टीने दोन जुन्या फ्रेंच कादंबऱ्या शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एमिल झोलाची ‘तेरेझ राकँ’ १८६७ सालची. तेरेझ आणि तिचा प्रियकर लोराँ हे दोघे तिच्या नवऱ्याला नदीत बुडवून मारतात आणि पुढे लग्न करून त्याच्याच आईजवळ राहतात. म्हातारी राकँबाई पक्षाघाताने जखडत जाते. जीभ जाते, हातपाय जातात. आणि नेमके अशा अवस्थेत ते खुनाचे रहस्य तिच्यासमोर उघडे होते. दर गुरुवारी संध्याकाळी घरी डॉमिनो खेळायला ठरलेली मंडळी जमतात. अशा एका गुरुवारी ती सारे बळ बोटात एकवटून टेबलावर अक्षरे रेखाटू लागते. दोघा खुन्यांची नावे लिहून होतात, पुढचे क्रियापद सुरू होते, आणि तेथे बोट ताठरते. मंडळींत ग्रिव्हे नावाचा एक नोकरदार आहे. बाईंच्या मनातले आपल्याला नजरेवरून समजते असा त्याचा नेहमीचा दावा. तो ते वाक्य पुरे करून देतो: ही दोघे माझी किती काळजी घेतात, असे बाईंना म्हणायचे आहे! सर्वांना ते पटते. खेळ पुढे चालू होतो.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा अंगावर काटा आला तो खुन्यांमुळे नव्हे, ग्रिव्हेमुळे. तो दुष्ट नाही. तो प्रेमळ आहे, थोडा आढ्यतेखोर आहे, आणि त्याला घाई आहे. झोलाची पकड येथे विलक्षण आहे. तरीही, सांगायचे धाडस करतो, पुढे झोला स्वतःही त्या म्हातारीकडून एवढेच काम घेतो की तिने टक लावून पाहत राहावे. तिचा द्वेष तो ज्वालेसारखा पेटता ठेवतो, परंतु ती दिव्यासारखी एका जागी ठेवलेली वस्तू राहते. तिची असहायता त्याला हवी आहे. तिचे म्हणणे त्याला फारसे नको आहे.

आता आलेक्सांद्र द्युमा पाहा. द्युमा म्हणजे पाने भरणारा, करमणूक करणारा लेखक, असे मानण्याचा प्रघात आहे. ‘मोंते क्रिस्तोचा काउंट’ ही त्याची कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः येत होती. तीत न्वार्तिए नावाचा एक म्हातारा आहे. राज्यक्रांतीच्या पिढीतला कडवा राजकारणी. झटका आल्यापासून फक्त डोळे हलतात. पापण्या मिटल्या म्हणजे होय, अनेकदा उघडझाप केली म्हणजे नाही. त्याची नात व्हालांतिन वर्णमाला म्हणत जाते, हव्या त्या अक्षरावर तो खूण करतो, मग ती शब्दकोश उघडून शब्दांवरून बोट फिरवू लागते. एवढ्या सामग्रीवर हा म्हातारा काय काय करतो! नातीचे नको ते लग्न मोडावे म्हणून तो मृत्युपत्र करायला नोटरी बोलावतो. अशा माणसाचे मृत्युपत्र कायद्याला चालेल काय, या शब्द याचेच कशावरून, अशी शंका नोटरी घेतो. आणि द्युमा ती शंका झटकून न टाकता नोटरीची खात्री पटेपर्यंत प्रसंग चालू ठेवतो. पुढे तो होऊ घातलेला जावई आपल्या बापाला कोणी मारले ते नाव विचारतो, तेव्हा म्हातारा शब्दकोशातून एकच शब्द निवडतो: ‘मी’. तो धूर्त आहे, प्रेमळ आहे, आणि त्याने माणूस मारलेला आहे. मुक्या माणसाला भूतकाळ आणि अपराध देणारा हा लेखक या एका बाबतीत झोलापेक्षा मोठा आहे असे माझे मत झाले आहे. तज्ज्ञांनी माफ करावे.

आणि व्हालांतिन! तिच्यात विशेष काही नाही. ती म्हाताऱ्याचे मन ओळखायचा आव आणत नाही, अक्षरे म्हणत बसते. कादंबरीत हे काम किती कंटाळवाणे असेल ते जाणवत नाही, कारण द्युमा सफाईने ओळी गाळतो. ते कंटाळवाणेपण मला माझ्या पुठ्ठ्याने शिकवले.

तो पुठ्ठा मी केला तो जाँ-दोमिनिक बोबीचे पुस्तक वाचून. बोबी पॅरिसमधल्या ‘एल’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचा संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याला मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा मन जसेच्या तसे, आणि शरीरात जवळजवळ केवळ डावी पापणी त्याच्या ताब्यात. समुद्रकाठच्या बेर्क येथील रुग्णालयात त्याच्यासाठी फ्रेंच अक्षरे वापराच्या प्रमाणात लावून घेतली. सर्वांत अधिक येणारे ‘ई’ पहिले. समोरच्याने अक्षरे म्हणत जायचे, हवे ते आले की बोबी पापणी मिटणार. पहाटे मनात मजकूर जुळवायचा, घोकून ठेवायचा, मग क्लोद माँदिबिल ही बाई आली की एकेक अक्षर तिला द्यायचे. ‘पाणबुडीचा पोशाख आणि फुलपाखरू’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो ते लहानसे पुस्तक मार्च १९९७ मध्ये निघाले, आणि त्याच महिन्याच्या ९ तारखेला बोबी वारला.

या पुस्तकाविषयी बोलताना बहुतेक लोक पापणी किती वेळा मिटली याचा हिशेब सांगतात. मला तो हिशेब नकोसा वाटतो. लेखक म्हणून बोबी मला आवडतो तो त्याच्या खट्याळपणामुळे. पॅरिसच्या हॉटेलांत आपण आता निव्वळ भाजीपाला झालो अशी कुजबूज चालते हे समजल्यावर तो चिडतो आणि सर्व मित्रांना पत्रे धाडतो. झटका येण्यापूर्वी द्युमाची तीच कादंबरी तो पुन्हा वाचत होता. नायकाच्या जागी बाई घालून तिची आधुनिक आवृत्ती लिहावी असा त्याचा बेत होता, आणि हा खोडसाळपणा देवांना न रुचल्यामुळे आपल्याला न्वार्तिए करण्यात आले असे तो थट्टेने म्हणतो. प्रकरणे दोन-तीन पानांची आहेत. डोक्यात धरून ठेवायची म्हणून ती लहान. परंतु वाचताना ती तोकडी वाटत नाहीत, घट्ट वाटतात. अनावश्यक विशेषण ज्याला परवडत नाही असा लेखक मी प्रथमच वाचत होतो. माझ्या कादंबरीत एका पानावर चौदा विशेषणे निघाली.

भेटायला येणाऱ्यांचेही तो परीक्षण करतो. काही जण अक्षरे चुकवतात, काही घाईने शब्द पुरा करतात. एकदा त्याला चष्मा हवा होता. फ्रेंचमध्ये चष्म्याच्या शब्दाची सुरुवात चंद्राच्या शब्दासारखी आहे. अर्ध्यावरच समोरच्याने विचारले, चंद्र घेऊन काय करणार?

हे वाचून मी हसलो होतो. नंतर महिन्याभराने माझ्या पुठ्ठ्यावर तिने ‘पा’ केले. मी म्हणालो, ‘पाणी?’ आईने लगेच पेला आणला, ओठाला लावला. तिने पुन्हा ‘पा’ केले. दुसरा पेला आणला. पाणी गालावरून ओघळले, ती रडू लागली, आणि आई म्हणाली, ‘सर, आज तिचा मूड नाही.’ तिसऱ्या वेळी मी गप्प बसलो, कारण आता काय बोलावे हे मला सुचत नव्हते एवढेच. ‘पा’ झाले, मग ‘य’. तिचा पाय खुर्चीच्या पट्ट्यात अडकून निळा पडला होता. ग्रिव्हेला मी यापुढे हसणार नाही.

या पुठ्ठ्याविषयी थोडे सांगतो, कारण त्यात मला एक गंमत दिसली. फ्रेंचांना अक्षरे नव्याने लावून घ्यावी लागली. आपली वर्णमाला मुळातच तशी लावलेली आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ: क, च, ट, त, प या पाच ओळी, आणि प्रत्येकीत पाच व्यंजने. कोणती ओळ आणि ओळीतले कितवे, एवढ्या दोन प्रश्नांत अक्षर हाती लागते. खाली य-र-ल-व पासून ळ पर्यंतच्या दोन ओळी, आणि शेवटी मात्रांची एक. मी ओळीवर बोट ठेवत जातो. होय असेल तेथे ती डोळे वर करते. मात्रा हीच खरी दमवणारी, कारण अक्षर मिळाल्यावर पुन्हा शोध सुरू. जोडाक्षरासाठी तिने स्वतः खूण ठरवली, डोळे मिटायची. जोडाक्षर गाळले तरी आम्हांला समजेल असे मी सुचवून पाहिले. ते तिला मान्य नाही. ‘चिमण्या खोट्या’ यातली दोन्ही जोडाक्षरे तिने सावकाश, एकही मात्रा न सोडता दिली. तोंडात जीभ कोठे टेकते त्यावरून आपल्या पूर्वजांनी जी मांडणी केली, ती जिची जीभ ऐकत नाही तिच्या उपयोगी पडावी, याचे मला अजून नवल वाटते.

आता कोणी म्हणेल, हे शब्द तिचेच कशावरून? ही शंका रास्त आहे, आणि द्युमाच्या नोटरीप्रमाणे ती घेतलीच पाहिजे. १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एक पद्धत फार गाजली. बोलता न येणाऱ्याचा हात साहाय्यकाने धरायचा आणि त्याला अक्षरे दाबू द्यायची. मुले परिच्छेदच्या परिच्छेद लिहू लागली, कविता करू लागली. आईबापांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मग एक साधी परीक्षा घेण्यात आली. मुलाला एक चित्र दाखवले, साहाय्यकाला न सांगता दुसरे. उमटले ते साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे नाव. आणि असे पुनःपुन्हा झाले. साहाय्यक लबाड नव्हते. आपणच लिहीत आहोत हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हते. मला तर यात आम्हां कादंबरीकारांचे सगळे चरित्र दिसले. म्हणून मी तिच्या अंगाला हात लावत नाही. आणि तिच्या भावाने दुसऱ्या खोलीत तिला दाखवलेल्या वस्तूचे नाव ती मला सांगते, असे आम्ही दोन-तीनदा करून पाहिले आहे. एकदा ती वस्तू त्याचे प्रगतिपुस्तक होते.

आपल्याकडेही या अनुभवाचे पुस्तक आहे, आणि ते मुंबईतले आहे. मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ २०१० साली निघाले. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई, मिठू अलूर, यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. पुढे तिचे नाव ‘अडाप्ट’ झाले. मालिनीबाई झेव्हियर्समध्ये शिकल्या, लंडनला जाऊन दोनदा एम. ए. झाल्या, आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी हे आत्मचरित्र पुरे केले. वाङ्मय म्हणून ते बोबीच्या पुस्तकाइतके बांधेसूद नाही. पदव्या, प्रवास, परिषदा यांची जंत्री मध्ये मध्ये येते आणि पाने उलटावीशी वाटतात. परंतु त्यात एक गोष्ट आहे जी बोबीत नाही. बोबी त्रेचाळीस वर्षे बोलला होता. लोक त्याचा जुना आवाज आठवून त्याची वाट पाहत. जन्मापासून जिचे बोलणे लोकांना समजलेले नाही तिला आधी आपण बोलणारे माणूस आहोत हेच सिद्ध करावे लागते. तिच्याविषयीचा प्रश्नदेखील लोक तिला न विचारता सोबतच्या माणसाला विचारतात. या पुस्तकातला राग साधा, बिनअलंकाराचा आहे, आणि तोच त्याचा सर्वांत चांगला भाग आहे.

मालिनीबाईंच्या नात्यातल्या शोनाली बोस यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन ‘मार्गारीटा विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट २०१४ साली केला. त्यात कल्की कोचलिनने लैलाचे काम केले आहे. कॉलेजच्या संगीतस्पर्धेत लैलाने लिहिलेल्या गाण्याला पहिले बक्षीस मिळते. परीक्षक बाई व्यासपीठावरून सांगतात की गीत एका अपंग मुलीने लिहिले हे कळल्यावर बक्षीस द्यावेच लागले; आणि ध्वनिक्षेपक लैलाच्या तोंडासमोर धरतात. लैला एक बोट दाखवते. कोणते ते कुटुंबाच्या अंकात लिहिण्याजोगे नाही. परंतु एवढी नेमकी समीक्षा मी छापलेल्या कागदावर क्वचितच पाहिली आहे.

दोन वर्षांपासून तिच्याकडे टॅब आहे. डोक्याजवळचे बटण मानेने दाबून ती तो चालवते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’, चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ अशी साधने आता मिळतात. चित्र निवडले की यंत्र शब्द उच्चारते. शाळेत याचा उपयोग मोठा आहे. हाक मारता येते, आणि वर्गातली मुले आता तिचे ऐकण्यासाठी थांबतात. माझी तक्रार एवढीच की त्या चित्रांतले शब्द दुसऱ्या कोणीतरी निवडून ठेवलेले असतात. भूक, तहान, झोप, आभारी आहे. भांडायला लागणारे शब्द तिने एकेक अक्षराने स्वतः भरले, आणि त्यांतल्या एकावरून घरात वादही झाला. यंत्रातला बाईचा आवाज बातम्या देणारीसारखा आहे म्हणून तो बदलायचा होता. आता म्हणते, राहू द्या. स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ साली शस्त्रक्रियेत गेली; पुढे मिळालेला यंत्राचा आवाज अमेरिकी उच्चारांचा होता, आणि अधिक चांगले आवाज निघाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, हे मी तिला सांगितले होते. त्याचा परिणाम असेल किंवा नसेल. पुन्हा मी अंदाज करू लागलो.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशकांनी मजकूर तपासून मागितला, तेव्हा मी तो तिच्याकडे नेला. ती आता एकोणीस वर्षांची आहे. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी आम्ही बसतो. मोठ्या लिखाणासाठी तिला अजून पुठ्ठाच बरा वाटतो. आतापर्यंत बत्तीस पाने झाली. चिमण्या गेल्या. खिडकीच्या जागी टीव्ही आला असून त्यावर क्रिकेट चालू असते. ‘निष्पाप’ हा शब्द तीन ठिकाणी होता, तो तिन्ही ठिकाणी काढायला लावला. आईच्या तोंडचे एक वाक्य मात्र तिने ठेवले, आणि ते खरोखरच तिच्या आईचे होते.

एकोणिसावे प्रकरण तिने आधीच वाचून ठेवले आहे. त्याविषयी बोलायचे आहे, शनिवारी सकाळी या, दोन तास लागतील, असा निरोप परवा टॅबवरून आला. निरोप तिच्या आईचा नव्हे, तिचाच.